सचिनची मारुती आणि आपली जीप : विकलेली गाडी परत आणायची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून काढलाय. मधले खोकले आणि "अं... अं..." तेवढे काढले, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट चुडाव्यातून सुरू करू. परभणी जिल्हा, पूर्णा तालुका. पूर्णा जंक्शन सोडलं की नांदेडच्या वाटेवर चुडावा लागतं, मग लिंबगाव, मग नांदेड. एक्सप्रेसमध्ये बसलेल्या माणसाला हे स्टेशन खिडकीतून दिसतं न दिसतं तोच मागे जातं.

आता धरून चला, चुडाव्यात एक पोरगा आहे. त्याच्याकडे एक जुनी जीप आहे. रुंद टायर, नवा रंग, पुढे लोखंडी बंपर, वर लाइटांची पट्टी, आत नव्या सीटा. सगळं हौसेनं करून घेतलेलं. लग्नाच्या वरातीत तीच जीप पुढे असते. आणि एक दिवस त्याला कळतं की त्याच्या आजोबांनी अडचणीच्या वर्षी विकलेली जीप अजून जिवंत आहे. दोन तालुके सोडून कुणाच्या तरी गोठ्याशेजारी उभी आहे. मालक द्यायला तयार आहे, पण पैसे रोख पाहिजेत. पोराकडे विकण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे स्वतःची सजवलेली जीप.

विकावी का?

हा पोरगा मी मनानंच उभा केलाय, पण प्रश्न खोटा नाही. आणि या प्रश्नाला इतिहास आहे. त्यात क्रिकेटवाले आहेत, सिनेमावाले आहेत, राजेरजवाडे आहेत आणि आपला निजामही आहे. एकेक घेऊ.

बाल्कनीतून गाड्या बघणारा मुलगा

ऑगस्ट २०२०. लॉकडाऊनचे दिवस. सचिन तेंडुलकर एका मुलाखतीत गाड्यांबद्दल बोलत होता. त्यानं सांगितलं की त्याची पहिली गाडी मारुती ८०० होती, आता ती त्याच्याकडे नाही आणि ती परत मिळाली तर त्याला फार आवडेल. मग थेट ऐकणाऱ्यांनाच विनंती केली, की कुणाला तिचा पत्ता माहीत असेल तर कळवा.

विचार करा. ज्या माणसाच्या दारात बीएमडब्ल्यू उभ्या राहिल्या, तो एका जुन्या मारुतीसाठी लोकांना हाक मारतोय.

त्याच मुलाखतीत त्यानं लहानपणाचंही सांगितलं. सचिन वाढला वांद्रे पूर्वच्या साहित्य सहवासात. लेखक-कवींची ती वसाहत, आणि त्याचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. घराजवळ एक ड्राइव्ह-इन थिएटर होतं, म्हणजे लोक गाडीत बसूनच सिनेमा बघायचे. सचिन आणि त्याचा भाऊ तासन् तास बाल्कनीत उभे राहायचे. सिनेमा बघायला नव्हे, तिथे आलेल्या गाड्या बघायला. अशा मुलाच्या हातात स्वतःच्या कमाईची पहिली गाडी आली, तिचं मोल किती असेल बघा.

आता त्याच्या दुसऱ्या गाडीकडे या. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिननं २९वं कसोटी शतक काढलं आणि डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीनं त्याला लाल फेरारी ३६० मोडेना भेट दिली. किल्ली द्यायला इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर कोण होतं? मायकेल शूमाकर! गाडी भारतात आणायची वेळ आली तेव्हा आयात शुल्क निघालं १ कोटी १३ लाखांच्या घरात. सरकारनं ते माफ करायचं ठरवलं आणि देशभर वाद पेटला. एवढं कमावणाऱ्याला सवलत कशाला, असं लोक विचारू लागले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. शेवटी शुल्क फियाटनंच भरलं.

आणि २०११ मध्ये सचिननं ती फेरारी सुरतच्या एका उद्योजकाला विकून टाकली. पुढच्याच वर्षी 'फरारी की सवारी' हा सिनेमा आला. दिग्दर्शक आपले राजेश मापुसकर. गोष्ट अशी, की पोराला क्रिकेट शिकायला परदेशी पाठवायचंय, पैसे नाहीत, आणि त्या गरजेपोटी एक साधा सरळ बाप सचिनची फेरारी घेऊन जातो. म्हणजे सिनेमातसुद्धा गाडी आली ती पैशाच्या अडचणीतूनच.

फेरारीनंतरची गोष्ट निसान जीटी-आरची. ही तर त्यानं जपानी बनावटीचं वेगळं बॉडी किट बसवून, बदलून घेतली होती. आपल्या भाषेत 'मॉडिफाय' केलेली. पुढे तीही गेली.

ती विकून सचिन मारुती शोधायला निघाला, असं मी म्हणत नाही. त्याला पैशाची अडचण असायचं कारण नाही. मुद्दा वेगळा आहे. बक्षीस मिळालेली फेरारी गेली, हौसेनं बदललेली जीटी-आर गेली, पण जाहीर हाक मारली ती मारुतीसाठी. त्याच्यासारख्या दुसऱ्या मारुती तो शंभर घेऊ शकतो. त्याला *ती* पाहिजे. आणि 'ती' बाजारात मिळत नाही. ती कुणाकडे आहे हे कुणीतरी सांगावं लागतं.

मारुतीच का?

तुमच्यातले बरेच जण २००० नंतर जन्मलेले, म्हणून थोडं सांगतो. पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात पडली १४ डिसेंबर १९८३ला. किल्ली दिली पंतप्रधान इंदिरा गांधींनी. किंमत ४७,५०० रुपयांच्या आसपास. त्याआधी आपल्याकडे रस्त्यावर मुख्यतः अॅम्बॅसिडर आणि फियाट, म्हणजेच पद्मिनी. बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबायचं. मारुती आली आणि नोकरदार माणसाला वाटलं, अरे, आपल्या दारातही गाडी उभी राहू शकते.

ती पहिली मारुती ज्याला मिळाली, त्या दिल्लीच्या ग्राहकानं ती शेवटपर्यंत विकली नाही. २०१० मध्ये तो वारला आणि गाडी घराबाहेर उभ्या उभ्या गंजत गेली. तिचे फोटो लोकांनी पाहिले, हळहळ झाली. पुढे कंपनीनं ती नीट केली आणि आपल्या मुख्यालयात मांडून ठेवली. म्हणजे नुसतं 'विकलं नाही' म्हणजे 'जपलं' असं होत नाही, बरं का.

शास्त्रींची ऑडी

क्रिकेटमधलीच आणखी एक गाडी. १० मार्च १९८५, मेलबर्न. बेन्सन अँड हेजेस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारतानं पाकिस्तानला हरवलं. रवी शास्त्री 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरले आणि त्यांना ऑडी १०० मिळाली. सगळी टीम त्या गाडीवर चढली, आत कोंबून बसली आणि मैदानाला चक्कर मारली. यूट्यूबवर आहे, जरूर बघा. तेव्हा ऑडी हे नावसुद्धा आपल्या लोकांना नवं होतं.

वर्षं गेली, गाडी थकली. मग रेमंडच्या गौतम सिंघानियांनी ती मनावर घेतली. काही महिने काम चाललं आणि जून २०२२ मध्ये ऑडी पुन्हा शास्त्रींच्या समोर उभी राहिली, १९८५ला होती तशी.

इथे एक फरक ध्यानात घ्या. या गाडीला नवं रूप दिलं नाही. तिचं जुनं रूप परत दिलं. नवे टायर, नवी लाइट, नवा आवाज हे 'मॉडिफाय'. आणि होती तशी करणं म्हणजे 'रिस्टोअर'. दोन्हीला पैसे लागतात, दोन्हीला मेहनत लागते. पण विकायच्या वेळी बाजार दोघांकडे वेगवेगळ्या नजरेनं बघतो. त्यावर येतोच.

भगवानदादांच्या सात गाड्या

त्याआधी जरा थांबून भगवानदादांची आठवण काढू. भगवान आभाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, १९५१ चा 'अलबेला' त्यांचाच. आज आपण ज्या ठेक्यावर गणपतीत नाचतो त्यात त्यांचा वाटा आहे. ऐन भरात असताना जुहूला मोठा बंगला आणि आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुढचे सिनेमे पडले, कर्ज झालं. बंगला गेला, गाड्या गेल्या. शेवटची वर्षं दादरच्या चाळीत काढली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये ते गेले.

त्यांच्या गाड्या परत आल्या नाहीत. आपल्याकडे दागिना गहाण पडतो आणि पीक आलं की सोडवून आणतात. त्यासाठी आपल्या भाषेत 'सोडवणं' हा शब्दच आहे. गाडी गहाण क्वचित पडते, ती विकलीच जाते. आणि विकलेल्या वस्तूला 'सोडवता' येत नाही. समोरचा सांगेल त्या भावानं ती पुन्हा विकतच घ्यावी लागते.

राजांच्या गाड्या आणि निजामाचं सिंहासन

हा भाव केवढा असतो, ते राजेरजवाड्यांना कळलं. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली. १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीनं तनखेही बंद झाले. गॅरेजमध्ये रोल्स रॉईस आणि बेंटली उभ्या, पण पेट्रोलला पैसा नाही, सुटे भाग मिळत नाहीत. साठच्या दशकात परदेशी खरेदीदार येऊन जुन्या गाड्या स्वस्तात उचलून नेऊ लागले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं अशा जुन्या गाड्या देशाबाहेर न्यायला बंदी घातली, तोवर बऱ्याच गाड्या जहाजात चढून गेल्या होत्या.

त्यातली एक फार नावाजलेली. राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी १९३४ मध्ये बनवून घेतलेली रोल्स रॉईस फँटम टू, केशरी रंगाची. नाव 'स्टार ऑफ इंडिया'. १९६८ च्या सुमारास ती घराण्याच्या हातून गेली आणि परदेशी संग्राहकांकडे पोचली. चाळीसेक वर्षांनी त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीनं ती परत मिळवली. आजोबांची वस्तू नातवानं आणली. पण मधल्या काळात ती 'जुनी गाडी' राहिली नव्हती, जगप्रसिद्ध झाली होती. जाताना ती जुन्या गाडीच्या भावानं गेली असेल. येताना मात्र नावाचीही किंमत मोजावी लागते.

आता आपल्या निजामाकडे या. चुडावा, पूर्णा, परभणी हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट मागवली. १९१२ ची, पिवळ्या रंगाची, आत मागची सीट सिंहासनासारखी उंच. पण गाडी यायच्या आधीच, १९११ मध्ये ते वारले. ती मिळाली मुलाला, सातव्या निजामाला, मीर उस्मान अली खान यांना. समारंभापुरती वापरली. एवढ्या वर्षांत धावली ती काही शे मैलच.

१९६७ मध्ये उस्मान अली गेले आणि वारसा नातवाकडे, मुकर्रम जाहांकडे आला. गंमत म्हणजे या नातवाला स्वतःला इंजिनं खोलायची भारी हौस. आणि वाट्याला काय आलं? हजारो नोकरचाकर, पाठीमागे कोर्टकज्जे आणि साठेक गाड्यांचं गॅरेज, ज्यातल्या मोजक्याच चालू. ते पुढे ऑस्ट्रेलियाला निघून गेले. बऱ्याच वस्तू पांगल्या. पण ती पिवळी गाडी हैदराबादलाच आहे. चौमहल्ला पॅलेसमध्ये काचेआडून बघता येते. तिकीट काढून कुणीही बघावी, चुडाव्याच्या माणसानंही.

परत फिरता येतं का?

चुडाव्याच्या स्टेशनावर उभं राहिलं की मला दुसरीच एक 'मॉडिफाय' झालेली गोष्ट आठवते. रूळ. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, मनमाड ते सिकंदराबाद ही लाइन आली. तेव्हा ती मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. पूर्णा हे त्या मीटरगेजचं मोठं जंक्शन. पुढे ब्रॉडगेज झालं. सोय झाली, मुंबईची थेट गाडी आली, चांगलंच झालं. पण जुनी मीटरगेजची इंजिनं या रुळावर पुन्हा कधीच येऊ शकत नाहीत. चाकांतलं अंतरच बदललं.

गाडीचंही तसंच. काही बदल मागे घेता येतात. टायर काढून जुने घालता येतात, लाइट उतरवता येते, सीट बदलता येते. पण सांगाडा कापला, बॉडी लांब-आखूड केली, दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलं, की परतीचा रस्ता जवळपास बंद.

आपल्याकडची क्लासिक गाडी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप. १९४५ मध्ये सुरू झालेली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि मुंबईत विलिसच्या जीपा जोडू लागली. तीच पुढे गावोगाव पोचली. कधी पाटलांची, कधी सरकारी साहेबाची, कधी वडाप करणाऱ्याची. म्हाताऱ्या झालेल्या जीपा सजवायचा मोठा धंदा हरियाणातल्या डबवालीत चालतो. इन्स्टाग्रामवर ज्या झगमग जीपा दिसतात, त्यातल्या कित्येक तिकडूनच येतात.

पण कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल चालणार नाहीत. रंग बदलला तर आरटीओला सांगून आरसीवर नोंद करून घ्या. सांगाडा-इंजिनाला परस्पर हात लावला तर गाडी विकताना नाव बदलायची वेळ येते तिथेच अडकते. फॉर्म २९ आणि ३० भरून होतात, पण गाडी आणि कागद जुळत नाहीत.

दुसरा नियम जुलै २०२१चा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, धंद्यासाठी नसलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. फी २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर नूतनीकरणाला ५ हजार. रोज चालवायची नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला काढता येते. अट कोणती? सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे गोठ्याशेजारी उभी असलेली आजोबांची गंजकी जीप या दारातून आत जाऊ शकते, आणि पोराची झगमग जीप बाहेर राहते.

मग विकावी का?

हिशोबासाठी आकडे धरू. आकडे माझे, तुम्ही तुमचे घाला. पोरानं जीप घेतली ३ लाखांना, वर ३ लाख खर्च केला. त्याच्या मनात किंमत ६ लाख. घेणारा म्हणतो, "बंपर मला नको, टायर मला मोठे वाटतात, रंग मी बदलणार." तो देतो ४. का? कारण खर्च पोराच्या आवडीवर झालाय आणि घेणाऱ्याची आवड वेगळी आहे. इकडे आजोबांची जीप भंगाराच्या भावानं लाखभराची. पण मालकाला एकदा कळलं की हा *नातू* आहे, की तो म्हणतो दोन. वर ती नीट करायला दीड-दोन लागतील ते वेगळेच.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार बघितलाय? तिथले जुने लोक दोन गोष्टी पाळतात. घेताना डोळ्यात हौस दिसू द्यायची नाही. आणि एक विकून दुसरं घ्यायचं असेल तर आधी दुसऱ्याचा व्यवहार बोलून पक्का करायचा, मग आपलं दावं सोडायचं. पोरानंही तेच करावं. आधी आजोबांच्या जीपचे कागद बघावेत. चॅसिस नंबर गाडीवर आणि आरसीवर एकच आहे का, मालकाच्याच नावावर आहे का, कर थकलाय का. थोडं विसार देऊन लिहून घ्यावं. मग स्वतःची जीप विकायला काढावी. आणि मॉडिफाय करताना काढलेले मूळ भाग जपून ठेवले असतील तर ते परत बसवूनच काढावी. मूळ रूपातल्या गाडीला गिऱ्हाईक जास्त मिळतं आणि कागदही अडत नाहीत.

हे जमत असेल तर माझं उत्तर आहे, विकावी. सजवलेली जीप पुन्हा सजवता येते, डबवाली कुठे पळून जात नाही. आजोबांची मात्र एकच आहे. आणि जमत नसेल, कर्ज काढावं लागत असेल, तर गोठ्यापर्यंत जावं, जीपवर हात फिरवावा, फोटो काढावा आणि परत यावं. भगवानदादांना आपण त्यांच्या गाड्यांमुळे लक्षात ठेवत नाही.

जाता जाता एक काम सांगतो, अवघड नाही. सचिनला लोकांना हाक मारावी लागली, कारण विकलेली गाडी हाताहाताने पुढे जाते. तुमच्या घरात आज जी गाडी आहे, मग ती जीप असो, राजदूत असो, वडिलांची स्कूटर असो, तिच्या आरसीचा आणि चॅसिस नंबरचा फोटो आजच काढून ठेवा. जी कधीच विकली गेलीय, तिचा नंबर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. १९८९-९० च्या आधीचे नंबर वेगळ्या पद्धतीचे असायचे, 'एमएच-२२' सारखा जिल्ह्याचा आकडा त्यात नसायचा. त्यामुळे ते फोनवरच्या अॅपमध्ये सापडतीलच असं नाही. पण आजोबांना पाठ असतात. मुलांचे वाढदिवस विसरतील, गाडीचा नंबर विसरत नाहीत.

विचारा आणि लिहून ठेवा. आजोबा आहेत तोवर.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत हेल्मेट घाला, गाडी सावकाश चालवा. नमस्कार.